जुनी रेकॉर्ड, जुनं कॉमिक, जुनं चित्र: पिशवीतून कपाटापर्यंतचा क्रम

"रेकॉर्ड स्पिरिटने पुसली, तर तिची चमकच गेली." "कॉमिकची पानं सुटत होती म्हणून चिकटपट्टी लावली, आता ती निघत नाही." "पोस्टर लॅमिनेट करून घेतलं, चुकलं का?" जुनं जमवणारी माणसं भेटली की फिरून फिरून हेच तीन प्रश्न येतात. तिन्ही ठिकाणी वस्तू बिघडली ती हौसेपोटी, घरी आणल्याआणल्या आणि कामाचा क्रम उलटा झाल्यामुळे.

मी पोटासाठी चित्रं काढतो. टेबलाच्या एका कडेला रेकॉर्ड फिरत असते, दुसऱ्या कडेला कुठलं तरी फाटकं कॉमिक उघडं पडलेलं असतं. माझा संग्रह काचेआडचा नाही, तो रोज हाताळला जातो. ज्यांना वस्तू वापरायचीही आहे आणि टिकवायचीही, त्यांच्यासाठी हा क्रम: अलग ठेवा, ओळखा, नोंद करा, कोरडं साफ करा, लागलंच तर ओलं साफ करा, डिजिटल नक्कल काढा, वेष्टन घाला, कपाटात ठेवा. पाचवा टप्पा होईपर्यंत ऐकणं-वाचणं नाही.

## आधी जमवायचं सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ केसांचा रुंद ब्रश (रंगकामात वापरलेला चालणार नाही, नवाच हवा), दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी, रेकॉर्डसाठी कार्बन फायबरचा ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, एन-९५ मास्क, झिपच्या मोठ्या प्लॅस्टिक पिशव्या आणि एक मोकळं टेबल. टेबलावर चहाचा कप नको. शाईची दौत तर नकोच. हे चित्रकारांना मुद्दाम सांगावं लागतं.

पांढरे सुती हातमोजे आणायची गरज नाही. त्यांनी बोटांची जाणीव बोथट होते आणि जुन्या पानाचा कोपरा कधी तुटला ते कळत नाही. हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. कागदासाठी एवढं पुरतं.

## टप्पा १: अलग ठेवा

नवी आलेली वस्तू जुन्या संग्रहाशेजारी लगेच ठेवायची नाही. जुन्या कागदात कसर असते, पुस्तकातल्या बारीक उवा असतात, बुरशीचे कण असतात. कॉमिक, पोस्टर आणि रेकॉर्डची पुठ्ठ्याची कव्हरं वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करून दोन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा. पिशवीच्या तळाशी पांढरा कागद घाला. कीड असेल तर त्यावर बारीक भुसा किंवा काळे कण पडलेले दिसतात.

कीड दिसलीच तर औषध फवारू नका. फक्त कागदाची वस्तू असेल तर ती पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास तशीच बंद राहू द्या. गार वस्तूवर हवेतलं पाणी धरतं; ते पिशवीच्या बाहेरून धरायला हवं, कागदावर नव्हे. रेकॉर्ड मात्र फ्रीजरमध्ये कधीही नाही.

सावध: बुरशी ओलसर असेल आणि बोट लावल्यावर फासली जात असेल तर ती जिवंत आहे. वस्तू वाऱ्यावर, सावलीत वाळू द्या. उन्हात टाकायचा मोह टाळा, कारण स्वस्त कागद उन्हाने काही तासांत पिवळा पडायला लागतो. बुरशी भुकटीसारखी कोरडी झाली की मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने हलकेच झाडा.

## टप्पा २: हातात नेमकं काय आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढे काय लावायचं आणि काय टाळायचं ते सगळं या ओळखीवर ठरतं.

रेकॉर्ड. घरोघरी सापडणाऱ्या रेकॉर्ड साधारण तीन प्रकारच्या. जाड, जड, अजिबात न वाकणारी, मिनिटाला ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड बहुतेक वेळा लाखेची असते. नखाने कडेला टिचकी मारली की कपबशीसारखा टणक आवाज येतो. व्हिनाइलचा आवाज बसका, आणि ती किंचित वाकते. ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले १९४८ साली आली आणि ४५ फेऱ्यांची छोटी १९४९ साली. या दोन्ही जवळपास नेहमी व्हिनाइलच्या. अधूनमधून ७८ फेऱ्यांची पण व्हिनाइलची रेकॉर्डही निघते, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, टिचकी माराच.

तिसरा प्रकार फसवा. मधल्या भोकात किंवा कडेला धातू चमकतो, लेबल हाताने लिहिलेलं असतं आणि कधी लेबलपाशी जास्तीचं एक भोक असतं. ही लॅकरची रेकॉर्ड. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा थर चढवून तिच्यावर थेट ध्वनिमुद्रण केलेलं असतं, त्यामुळे ती अनेकदा जगातली एकुलती एक प्रत असते. तिच्यावर पांढरी मेणचट भुकटी आलेली असेल तर ती धूळ नाही. थरात मिसळलेलं एरंडेल विघटन होऊन बाहेर येत असतं. अशी रेकॉर्ड पुसू नका, वाजवू नका, जाणकाराला दाखवा.

लाखेच्या वाटणाऱ्या रेकॉर्डमध्ये आणखी दोन अपवाद आहेत. सुमारे सहा मिलिमीटर जाड अशी एडिसनची डायमंड डिस्क (१९१२ ते १९२९) आणि थर चिकटवून केलेल्या काही लाखेच्या रेकॉर्ड. त्यांना तडा गेलेला असेल तर पाणी आत शिरतं, गाभा फुगतो. यांची फक्त कोरडी सफाई करायची.

छापील चित्र. भिंग लावा. रांगेत बसलेले, फुलासारख्या गोलाकार नक्षीत जमलेले चार रंगांचे ठिपके दिसले तर ती ऑफसेट छपाई. खडूने काढल्यासारखा अनियमित दाणा दिसला तर शिलाछाप. रंगाचा सपाट, जाड, कडेला किंचित उठलेला थर दिसला तर स्क्रीन प्रिंट. आणि कुठलीच रांग नसलेले, फवाऱ्यासारखे अतिबारीक ठिपके दिसले तर इंकजेट, म्हणजे 'शंभर वर्षांचं' चित्र अलीकडच्याच एखाद्या प्रिंटरमधून निघालेलं आहे. जोडीला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर अंधारात कागदावर मारून बघा. कागद निळसर पांढरा झगझगला तर त्यात उजळपणा आणणारी रसायनं आहेत. ती कागदात १९५०च्या आसपासपासून येऊ लागली.

कॉमिक आणि मूळ चित्रं. कॉमिकच्या आतल्या पानावर तळाशी असलेला बारीक मजकूर वाचा. पुनर्मुद्रण असेल तर बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं. पण वरचं आवरण काढून टाकून पुनर्मुद्रण मूळ म्हणून खपवलं गेल्याचीही उदाहरणं आहेत. डीसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनाने १९७४ साली आपल्या पहिल्या अंकांची हुबेहूब पण मोठ्या आकाराची पुनर्मुद्रणं काढली. त्यांचं बाहेरचं आवरण उतरवलं की आत मूळ अंकाचंच मुखपृष्ठ असतं. अशा वेळी फूटपट्टी खरं बोलते: मूळ अंक त्याहून बराच लहान असतो.

कॉमिकचं मूळ, हाताने काढलेलं पान ओळखायला सोपं. ते छापील पानापेक्षा मोठं असतं, फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेषा राहिलेल्या असतात, चुकांवर पांढरा रंग लावलेला असतो, कधी संवादांचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेले असतात. या पानाला ब्रशही जपून लावायचा. वाळलेला पांढरा रंग कपचीसारखा सुटतो, आणि त्याखालची चुकलेली रेषा पाहायची कितीही इच्छा झाली तरी तो खरवडायचा नसतो.

तपासणी: पुढे जाण्याआधी प्रत्येक वस्तूबद्दल एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, "ही लाखेची, न तडकलेली रेकॉर्ड आहे", "हे न्यूजप्रिंटवरचं (वर्तमानपत्राच्या कागदावरचं), पिनांचं कॉमिक आहे". सांगता येत नसेल तर थांबा.

## टप्पा ३: नोंद आणि फोटो

हे पटकन होतं आणि तरी बहुतेक जण गाळतात. दोन्ही बाजूंचा फोटो, आधीच असलेले फाटे, डाग, ओरखडे यांचा जवळून फोटो आणि वहीत दोन ओळी. रेकॉर्डवर लेबल आणि शेवटच्या खोबणीच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला नंबर तिरप्या उजेडात वाचून लिहा. एकाच रेकॉर्डच्या वेगवेगळ्या आवृत्त्या त्यावरूनच कळतात. कव्हरवर बारकोड छापलेला असेल तर ती प्रत साठच्या दशकातली नाही हे वेगळं सांगायला नको.

वस्तूवर पेनाने काही लिहू नका. नंबर द्यायचा तर तो पाकिटावर.

## टप्पा ४: कोरडी सफाई

कागद सपाट ठेवा. मधून कडेकडे, एकाच दिशेने ब्रश फिरवा. पुढेमागे घासलं की धूळ कागदाच्या धाग्यांत जाऊन बसते. कॉमिकचं प्रत्येक पान उघडून मधल्या घडीतली धूळ ब्रशच्या टोकाने खाली ओढा. कसरीची अंडी बहुधा तिथेच असतात. खोडरबर फक्त कोऱ्या कडांवर वापरा. छापलेल्या भागावर खोडरबर फिरलं की शाईची चमक जाते आणि ती परत येत नाही.

पिना गंजल्या असतील तर काढू नका. कागदही तिथे कुजलेला असतो आणि पिनेबरोबर पान सुटतं. शिवाय पिन बदलली की जाणकार संग्राहक ती दुरुस्ती धरतात आणि प्रतीचा दर्जा घसरतो. जुनी चिकटपट्टी असेल तर तिलाही हात लावू नका. नेलपॉलिश काढायच्या द्रावणाने ती सुटते, पण डिंकाबरोबर शाईही विरघळते. मुखपृष्ठाला पडलेल्या घडीवर इस्त्री फिरवणारेही भेटले आहेत. कोरड्या उष्णतेने जुना कागद आणखी ठिसूळ होतो, आणि चकचकीत मुखपृष्ठाची शाई इस्त्रीच्या फडक्याला लागते.

रेकॉर्डसाठी: ती प्लेअरवर फिरत असताना कार्बन फायबरचा ब्रश खोबणीला आडवा, जेमतेम टेकेल इतका हलका धरा. दोन-तीन फेऱ्या झाल्या की हळूहळू बाहेरच्या कडेकडे उचला. नुसती धूळ असेल तर इथेच काम संपतं आणि पाचवा टप्पा गाळता येतो.

## टप्पा ५: ओली सफाई, फक्त रेकॉर्डची

कागद घरी धुवायचा नाही. एवढ्या एका वाक्यात कागदाचा विषय संपवतो.

आता माझी चूक. पहिल्यांदा हाती आलेली दहा इंची लाखेची रेकॉर्ड मी कापसावर स्पिरिट घेऊन पुसली. कापूस काळाभोर झाला. मला वाटलं, केवढी घाण निघाली! घाण नव्हती, रेकॉर्डच निघत होती. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारे ती तशीच विरघळवून वापरतात. अंगठ्याएवढ्या रुंदीची करडी, मंद चंद्रकोर उमटली, आणि तिथून सुई गेली की आजही प्रत्येक फेरीला 'खर्र' होतं. एका बाजूला दोनशेहून जास्त फेऱ्या असतात.

म्हणून नियम: लाखेला आणि लॅकरला अल्कोहोलचा थेंबही नाही. बाजारातल्या तयार द्रावणाच्या बाटलीवरही 'आयसोप्रोपिल' शब्द आहे का ते आधी वाचा.

क्रम असा:

१. लेबल झाका. लेबलच्या मापाची प्लॅस्टिकची गोल चकती पुरते. ओलं झालेलं लेबल रंग सोडतं.

२. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब टाका. भांडी घासायचा साबण नको, त्यातला सुगंध आणि रंग खोबणीत राहतो. नळाचं पाणीही नको. ते वाळलं की क्षार मागे राहतात आणि सुईखाली कचकचतात.

३. फडकं ओलं करून पिळा. खोबणीच्या दिशेने, गोल, न दाबता पुसा. मधून बाहेर सरळ रेषेत पुसणं म्हणजे शेकडो खोबण्या आडव्या खरडणं.

४. दुसऱ्या स्वच्छ फडक्याने नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा हात फिरवा. हे गाळलं तर द्रावणाचा पापुद्रा राहतो आणि रेकॉर्ड पहिल्यापेक्षा जास्त कुरकुरते.

५. तिसऱ्या, कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि उभी वाळू द्या. भांड्यांचा उभा स्टँड चालतो. हेअर ड्रायर नाही, ऊनही नाही. दोन्हींनी व्हिनाइल वाकतं. लाखेची रेकॉर्ड पाण्यात बुडवून ठेवायची नाही. तिच्यात मातीसारखी भर असते, जास्त वेळ ओल मुरली की पृष्ठभाग खडबडतो. पुसणं ते टिपणं, सगळं दोन-तीन मिनिटांत उरका.

तपासणी: तिरप्या उजेडात बघा. ढगाळ पट्टे दिसले तर चौथी पायरी पुन्हा. पूर्ण वाळल्याशिवाय सुई टेकवू नका, ओल्या खोबणीत सुई सगळा गाळ एका जागी गोळा करते.

सुईबद्दल दोन शब्द, कारण इथेही रेकॉर्ड मरतात. ७८ची खोबणी रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. लाँग प्लेची सुई १८ ते २५ मायक्रॉनची. अदलाबदल केली की बारीक सुई रुंद खोबणीच्या तळाशी घरंगळते आणि जाड सुई बारीक खोबणीच्या भिंती ढासळवते. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जास्त भार देतो, आजचं काट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) दीड-दोन ग्रॅम. त्यामुळे चावीच्या यंत्रावर व्हिनाइल एकदाही लावू नका, आणि लाखेच्या प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई घाला. "अजून टोकदार दिसते" म्हणून तीच सुई पुन्हा वापरणं ही खोटी काटकसर आहे. हिऱ्याच्या सुईचं आयुष्यही पाचशे ते हजार तास. वहीत तास मांडत जा.

## टप्पा ६: डिजिटल नक्कल

वेष्टन घालण्याआधीच नक्कल काढा. नंतर काढू म्हटलं की वस्तू पुन्हा उघडली जाते, पुन्हा हाताळली जाते, नाही तर ते काम कायमचं राहून जातं.

रेकॉर्ड: प्लेअर फोनो प्रीअँपमधून (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून) संगणकाला जोडा, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर, न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये साठवा. आवाजाची शिखरं उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही. खरखर काढायची असेल तर ती प्रतीच्या प्रतीवर, मूळ फाइल तशीच ठेवून. प्लेअरला ७८चा वेग नसेल तर ४५वर मुद्रण करून संगणकात वेग सुमारे १.७३ पट करता येतो. मात्र प्रीअँप जी ध्वनिसुधारणा करतं ती १९५४च्या सुमारास ठरलेली आणि योग्य वेगासाठीची आहे, त्यामुळे सूर बरोबर आला तरी खर्ज आणि टीप थोडे बिघडलेले येतात. ऐकायला चालेल, जपून ठेवायची नक्कल म्हणून नाही.

कॉमिक: पान स्कॅनरवर ठेवल्यावर त्याच्या मागे काळा कागद ठेवा. पातळ न्यूजप्रिंटमधून मागच्या पानाचं चित्र दिसतं, ते याने नाहीसं होतं. माझ्या मते हे सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी माहिती असलेलं कसब आहे. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, लहान प्रत नंतर करा. कमी डीपीआयवर छपाईचे ठिपके आणि स्कॅनरचे ठिपके एकमेकांत अडकून लाटा उमटतात. झाकण दाबून घडी सपाट करू नका. घडीतली अर्धा सेंटिमीटर सावली सोसा.

## टप्पा ७: वेष्टन

कॉमिकसाठी पॉलिएस्टर फिल्मचं पाकीट सगळ्यात टिकाऊ. पॉलिप्रॉपिलीनचंही चालतं, पण ते काही वर्षांनी बदलावं लागतं. पीव्हीसी नको, त्याच्या वाफा कागदाला आणि रेकॉर्डलाही बाधतात. मागे आम्लमुक्त पुठ्ठा घाला, गुळगुळीत बाजू कॉमिककडे. खोक्यातून कापलेला साधा पुठ्ठा स्वतः आम्लधर्मी असतो, आपला पिवळेपणा तो कॉमिकला देतो.

आणि ही चूक अगदी जवळून पाहा: पाकिटाची झापड चिकटवायची पट्टी. कॉमिक बाहेर ओढताना मुखपृष्ठाचा वरचा कोपरा त्या पट्टीला लागतो, आपण खेचत राहतो आणि रंगाचा एक पापुद्रा पट्टीवर जातो. पन्नास वर्षं धड राहिलेलं मुखपृष्ठ त्याच्या संरक्षणासाठी आणलेल्या पाकिटाने फाटतं. झापड मागे, पुठ्ठ्याच्या बाजूला चिकटवा, किंवा नुसती आत दुमडा.

रेकॉर्डला आतलं पाकीट पॉलिथिनचं, तोंड बाहेरच्या कव्हरच्या तोंडाशी काटकोनात. जुनं छापील आतलं पाकीट फेकू नका, ते कव्हरमागे ठेवा.

चित्र फ्रेम करायचं तर चित्र आणि काच यांच्यामध्ये खिडकी कापलेला माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. काचेला टेकलेलं चित्र दमट हवेत तिला चिकटतं. चित्र पाठीमागच्या बोर्डाला डिंकाने चिकटवू नका. कागदी कोपरे, किंवा जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा, म्हणजे पाण्याच्या बोटाने ते पुन्हा सुटतं. लॅमिनेशन सुटत नाही. कोळसा किंवा पेस्टलच्या चित्रावर ॲक्रिलिकची काच लावू नका, तिच्यावरची स्थिर वीज रंगाचे कण ओढून घेते. मार्करने रंगवलेलं मूळ चित्र भिंतीवर लावायचंच नाही. तो रंग उजेडाने उडतो.

## टप्पा ८: कपाट

रेकॉर्ड उभ्या, पूर्ण काटकोनात, एका हाताने सहज निघतील इतक्याच दाटीत. तिरप्या ठेवल्या की वाकतात, एकावर एक रचल्या तर तळातल्या लाखेच्या तडकतात. आर्द्रता ४० ते ५० टक्के, तापमान विशीच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट, पोटमाळा आणि खिडकीखालची फळी, तिन्ही बाद. डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात आणि वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही.

## टप्पा ९: रोजचा वापर

कामाच्या टेबलावर स्कॅनची छापील प्रत ठेवा, मूळ नको. जुन्या कॉमिकवर ट्रेसिंग पेपर ठेवून रेषा गिरवायची सवय अनेक चित्रकारांना असते, मलाही होती. पेन्सिलीचा दाब मुखपृष्ठात उतरतो. सरळ बघितलं तर काही दिसत नाही, दिव्याखाली तिरपं धरलं की माझ्याच चुकलेल्या रेषा त्यावर कोरलेल्या दिसतात.

दर सहा महिन्यांनी कपाटातली कुठलीही पाच पाकिटं काढून बघा. पाकीट ढगाळ किंवा चिकट झालंय का, पुठ्ठ्याची कड तपकिरी पडलीय का, रेकॉर्ड सपाट जागेवर ठेवल्यावर डुगडुगते का. आणि पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा वास आला, तर ती वस्तू त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळी काढा.